दोनशे तास कुणाच्या नावावर?

मार्चचा पहिला आठवडा आला की माझ्या फोनवर सरला ठकराल येतात. साडीतल्या, विमानाशेजारी उभ्या. खाली ठरलेला मजकूर असतो: साल १९३६, लाहोर, वय २१, पदरात चार वर्षांची मुलगी आणि तरीही आकाशात झेप. त्याखाली सात-आठ तिरंगे आणि जोडलेले हात. मीही तो मेसेज इमानेइतबारे पुढं ढकलत आले आहे.

यंदा तो मी बारावी सायन्सच्या एका मुलीला दाखवला. ती नवी मुंबई विमानतळाशेजारच्या उलव्यात राहते, आठवड्यातून दोनदा माझ्याकडं फिजिक्सची गणितं घेऊन येते. तिनं फोटो मोठा केला, विमान पाहिलं, मजकूर वाचला आणि विचारलं, "मॅडम, हिचे पैसे कुणी भरले?"

मी बत्तीस वर्षं पनवेल परिसरात ज्युनिअर कॉलेजला शिकवलं. वर्गात असा प्रश्न आला असता तर 'विषयाला धरून बोल' म्हणून गप्प केलं असतं. निवृत्तीचा एक फायदा असा की विषयाला धरून बोलायची सक्ती राहत नाही. म्हणून हा लेख तिच्या प्रश्नाला धरून आहे.

सरलाबाईंपासून सुरू करू. ठकराल हे त्यांचं दुसऱ्या लग्नानंतरचं आडनाव. विमान उडवलं तेव्हा त्या सरला शर्मा होत्या. लग्न सोळाव्या वर्षी झालेलं. नवरा पी. डी. शर्मा हे कराची-लाहोर मार्गावर टपालाचं विमान नेणारे वैमानिक, आणि सासरच्या घरात वैमानिक किती, तर नऊ. सुनेला फ्लाइंग क्लबात घालण्याचा उत्साह नवऱ्यापेक्षा सासऱ्यांना जास्त होता, असं त्या पुढं सांगत. त्या घरात सुनेनं विमान शिकणं म्हणजे आपल्याकडं किराणा दुकानदाराच्या सुनेनं गल्ल्यावर बसावं तितपतच. आपल्याला हा नमुना परका नाही. आनंदीबाईंच्या मागं गोपाळराव होते, रमाबाईंच्या मागं न्यायमूर्ती. बाई शिकली ती तिच्या जिद्दीनं, यात वाद नाही, पण दाराची कडी आतून कुणीतरी काढलेली असे.

पैसे मात्र एकट्या सासरचे नव्हते. १९२८च्या सुमाराला मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता इथं फ्लाइंग क्लब निघाले ते सरकारी मदतीवर. जिप्सी मॉथसारखी विमानं आणि वार्षिक अनुदान यांच्या जोरावर ते चालत. लाकूड आणि कापडाचं ते दोन पंखांचं विमान, उघड्या दोन खोबणी, पुढच्या खोबणीत प्रशिक्षक, मागच्या खोबणीत शिकणारा. हौशी श्रीमंतांच्या या खेळालाही तिजोरीचा टेकू होता. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: थोडे सासरनं, थोडे सरकारनं.

सरलाबाईंनी पुढं हजार तास उड्डाण केलं असं नोंदलेलं आहे. १९३९ मध्ये नवरा विमान अपघातात गेला. विशीतली ही विधवा व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला गेली, तर महायुद्ध पेटलं आणि नागरी प्रशिक्षण बंद पडलं. त्या लाहोरला परतल्या, मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, फाळणीनंतर दिल्लीत आल्या, दागिने आणि कापडाच्या डिझाइनचा व्यवसाय उत्तम चालवला. २००८ मध्ये वारल्या. मेसेजमध्ये यातलं काही येत नाही. तिथं त्या कायम एकवीस वर्षांच्या असतात आणि विमान कायम उडायच्या बेतात असतं. हजार तासांचा अनुभव असलेल्या बाईला पुन्हा कॉकपिटमध्ये बसायला मिळालं नाही, हे आठ मार्चच्या मूडला शोभणारं नाही.

त्या देशातल्या 'पहिल्या' महिला वैमानिक होत्या का, यावरही दरवर्षी एक-दोन शहाणे भांडतात. ऊर्मिला पारीख यांना १९३२ मध्येच वैमानिकाचा परवाना मिळाला होता. मला या भांडणात रस नाही. पहिली कोण हे ठरवण्यात आपण इतका जीव टाकतो की दुसरी, विसावी आणि दोनशेवी कुठून येणार हे विचारायचं राहून जातं.

कुठून येणार, हे एका वहीत लिहिलेलं असतं. वैमानिकाची लॉगबुक. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ती मला दाखवली होती. आडवी, जाड पुठ्ठ्याची, आपल्या रोजमेळासारखी. रकाने: तारीख, विमानाचा प्रकार, 'व्हीटी'नं सुरू होणारा विमानाचा नंबर, प्रशिक्षकासोबतचा वेळ, एकट्याचा वेळ. ०:४५. १:१०. ०:५५. पानाच्या तळाशी बेरीज आणि सही. एका ओळीत नुसतं ०:१० होतं आणि शेजारी छोटीशी चांदणी काढलेली. ते त्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण. धावपट्टीभोवती एक फेरी, दहा मिनिटं. "मॅडम, शेजारची सीट रिकामी होती ना, त्यामुळं विमान एकदम हलकं झालं आणि पटकन वर गेलं," तो म्हणाला. वर्गात बल आणि वस्तुमानाचं जे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं, ते त्याला तिथं कळलं.

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडं असे दोनशे तास लागतात. त्यातले शंभर स्वतःच्या जबाबदारीवर. त्यात लांब पल्ल्याचं एक तीनशे सागरी मैलांचं उड्डाण, काही तास रात्रीचे, काही नुसत्या उपकरणांकडं बघून. शिवाय नॅव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक विषय यांचे पेपर, रेडिओचा परवाना आणि वैद्यकीय तपासणी. पेपर अभ्यासानं सुटतात. तासांना मात्र मीटर असतो. सध्याच्या फी पाहिल्या तर साध्या सेसना विमानाचा तास पंधरा हजारांच्या आसपास पडतो. राहणं-खाणं, परीक्षा, दोन इंजिनांच्या विमानाचं प्रशिक्षण धरलं की आकडा पन्नास लाखांच्या पुढं सरकतो. नंतर एअरबस किंवा बोइंग चालवायचं तर टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या-त्या प्रकारच्या विमानासाठीच्या खास प्रशिक्षणाचे, पैसे वेगळे. धाडस, जिद्द, गगनभरारी हे भाषणातले शब्द खरेच आहेत. पण लॉगबुकमध्ये त्यांच्यासाठी रकाना नसतो.

बरं, तास भरले म्हणून झालं असंही नाही. प्रेम माथुर यांचं उदाहरण मला सरलाबाईंपेक्षा जास्त बोलकं वाटतं. व्यावसायिक परवाना हातात असलेल्या या बाईंना आठ विमान कंपन्यांनी नाकारलं. कारण काय, तर कॉकपिटमध्ये बाई दिसली की प्रवासी घाबरतील. १९४७ मध्ये हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं घेतलं. तिथं त्यांनी सहवैमानिक म्हणून मोठमोठ्या पुढाऱ्यांना सुखरूप नेलं-आणलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. तास पुरे झाल्यावर त्यांनी कमांड मागितली, म्हणजे कॅप्टनची, डावीकडची खुर्ची. ती मिळाली नाही. मग त्या दिल्लीला एका उद्योगपतींच्या खासगी विमानावर गेल्या आणि १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये. सही आहे, बेरीज आहे, शर्यतही जिंकली आहे, पण खुर्ची उजवीकडचीच. नोकरीतल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढचा टप्पा आपल्या सौदामिनी देशमुखांचा. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता-सिल्चर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान गेलं, त्यात कॅप्टन सौदामिनी आणि शेजारी निवेदिता भसीन. सगळा चमू बायकांचा असलेलं हे देशातलं पहिलं उड्डाण. प्रेम माथुरांना नोकरी मिळाल्यापासून इथवर यायला अडतीस वर्षं लागली. आज भारतातल्या वैमानिकांत बायकांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या घरात आहे असं सरकार सांगतं. जगाची सरासरी पाचच्या आसपास. अभिमान वाटावा असाच आकडा आहे. मलाही वाटतो. पण हा आकडा बाई की पुरुष एवढंच मोजतो, घर मोजत नाही. पन्नास लाख उभे करू शकणाऱ्या घरांतल्या मुली आता घरच्या मुलांच्या बरोबरीला येऊ लागल्या आहेत, एवढंच तो सांगतो.

घर नसलेल्या मुलीची गोष्ट शोधायची तर थोडं लांब जावं लागतं. बेसी कोलमन. अमेरिकेतल्या टेक्ससमधल्या तेरा भावंडांतली दहावी. कापूस वेचणारं काळ्या लोकांचं कुटुंब. तेवीस वर्षांची असताना शिकागोत आली आणि एका सलूनमध्ये गिऱ्हाइकांची नखं कापायला लागली. पहिल्या महायुद्धाच्या गोष्टी तिथं कानावर पडत. तिला विमान शिकायचं होतं. अमेरिकेत एकही शाळा तिला घेईना, एक तर काळी, त्यात बाई. रॉबर्ट अॅबट हे 'शिकागो डिफेंडर' या काळ्या समाजाच्या वर्तमानपत्राचे मालक. त्यांनी सल्ला दिला, फ्रान्सला जा. तर ही बाई फ्रेंच शिकली. स्वतःची बचत होती. अॅबट यांनी मदत केली, जेसी बिंगा नावाच्या काळ्या बँकवाल्यानं मदत केली. १९२० च्या नोव्हेंबरात ती बोटीत बसली आणि १५ जून १९२१ रोजी तिच्या हातात आंतरराष्ट्रीय परवाना होता. जगातल्या कुठल्याही काळ्या बाईचा पहिला.

परत आल्यावर ती कसरतीची उड्डाणं करून पोट भरायची. एका ठिकाणी काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या दारानं आत सोडणार होते, तर तिनं सांगितलं, दार एकच ठेवा, नाहीतर मी उडणार नाही. दार एकच ठेवलं गेलं. पैसे साठवून काळ्या मुलामुलींसाठी उड्डाणाची शाळा काढायची होती. ३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिलला सरावाच्या वेळी मेकॅनिकनं चालवलेल्या जुन्या विमानात ती मागं बसली होती. खाली वाकून पाहता यावं म्हणून पट्टा बांधलेला नव्हता. विमान कोलमडलं, ती बाहेर फेकली गेली, मेकॅनिकही वाचला नाही. सुटा राहिलेला एक पाना यंत्रात अडकला होता. जुनं, स्वस्तातलं विमान. नवं घ्यायला पैसे नव्हते. वय चौतीस.

बेसीच्या गोष्टीत माझं लक्ष सारखं अॅबट आणि बिंगा यांच्याकडं जातं. तिच्या मागं सासरे नव्हते, गोपाळराव नव्हते. समाजातल्या दोन ऐपतदार माणसांनी ठरवलं की या पोरीचे तास आपण भरायचे. महाराष्ट्राला हेही नवं नाही. सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, भाऊराव पाटलांनी 'रयत' उभी केली. 'आपल्यातलं एखादं पोर पुढं जावं म्हणून बाकीच्यांनी पदरमोड करायची' ही रीत इथं होती.

आता उलव्यात परत येते.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विमानं सुरू झाली. ११६० हेक्टरचा पसारा. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचं पात्र वळवलं गेलं, दहा गावं उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली... माझ्या हजेरीपटावर ही गावं पत्त्याच्या रकान्यात असत. उठलेल्या लोकांसाठी जी वसाहत झाली तिचं नाव पुष्पक नगर. नाव ठेवणाऱ्याला रामायणातलं विमान आठवलं असणार. मला दुसरं आठवतं. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं १९५८ मध्ये दोन आसनांचं एक शिकाऊ विमान पहिल्यांदा उडवलं. त्याचंही नाव पुष्पक. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत त्यावर मुलं शिकली, आणि तेव्हाही क्लबांना सरकारी अनुदान होतं. दोन पुष्पकांच्या मधोमध माझी विद्यार्थिनी राहते. तिची आजी गच्चीवर सुकट वाळत घालता घालता मला म्हणाली, "आमचे शेतावरशी इमान उरतं, पन आमी त्यान कंदी बसलो नाय." आगरी बोलीत विमानाला इमान म्हणतात. मी त्यावर कोटी करायचा मोह आवरते.

या मातीत हक्कासाठी भांडणं नवं नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले. त्यातूनच सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. विमानतळाच्या जमिनीसाठी तो वाटा साडेबावीस टक्के झाला. अलीकडं विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून मानवी साखळ्या झाल्या. बायका उन्हात तान्ही पोरं घेऊन उभ्या होत्या. ती मागणी रास्तच. पण साखळीत उभ्या असलेल्या त्या बाईचं नाव भूखंडाच्या कागदावर आहे का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

कारण पैसा आला नाही असं नाहीच. भूखंड आले, विकासक आले, टॉवर झाले. त्या पैशांतून बंगले झाले, मोठ्या गाड्या आल्या, हळदीला डीजे आले, गावागावांत लाखाची बक्षिसं लावून क्रिकेटच्या स्पर्धा झाल्या. मी नाकं मुरडत नाही. पिढ्यान् पिढ्या मिठागरात आणि खाडीत राबलेल्या माणसांनी हौस करावी. लॉगबुक दाखवणारा तो माझा विद्यार्थीही याच पैशांतून शिकला. वडिलांनी भूखंड विकला आणि पोराचे दोनशे तास भरले. मोठ्या मनाचा माणूस. गावानं सत्कार केला, मीही हार घालायला गेले होते.

त्याची बहीण त्याच्याआधी दोन वर्षं माझ्या वर्गात होती. फिजिक्सला त्याच्यापेक्षा पुष्कळ बरी. प्रॅक्टिकलला व्हर्निअरचं रीडिंग तिच्याइतकं अचूक घेणारी मुलगी मला क्वचित मिळाली. सत्काराच्या दिवशी ती चहाचे ट्रे फिरवत होती. भूखंड विकायचा तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. तिनं निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. "भावाचं चांगलं होतंय ना मॅडम," ती म्हणाली. अंगावर नवी पैठणी होती, त्याच सहीच्या निमित्तानं घेतलेली.

मला तिला बोलायचा अधिकार नाही. मीही १९९८ मध्ये अलिबागजवळ माझ्या माहेरी अशीच सही केली आहे. भावांनी मागितली, मी दिली. वाचलीसुद्धा नाही. पगारदार बाई, फिजिक्सची शिक्षिका, वर्गात मुलींना स्वावलंबनावर बोलणारी. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून आपण ही सही करतो. हक्क मागितला तर दिवाळीला ताट मांडलं जाणार नाही, ही भीती कुठल्याही कायद्यापेक्षा मोठी आहे.

कायदा तर केव्हाचा बाजूनं आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. २००५ मध्ये देशाचा कायदा बदलला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत अशी अट नाही. म्हणजे त्या बहिणीच्या उड्डाणाचे तास तिच्या स्वतःच्या सातबाऱ्यात होते. कुणाच्या उपकाराची, कुणा अॅबट-बिंगांची गरज नव्हती. एका पानाच्या सहीनं ते तास तिच्या लॉगबुकमधून निघून भावाच्या लॉगबुकमध्ये जमा झाले. त्या घराला मी दोष देत नाही, तिथं सगळ्यांनी सगळं प्रेमानं केलं. अवघड आहे ते त्यामुळंच.

म्हणून माझं म्हणणं असं. विमानतळाच्या गावांतल्या मुली कॉकपिटमध्ये बसायच्या असतील तर दोन गोष्टी एकदम व्हायला हव्यात. भूखंडाच्या कागदांवर मुलींची नावं लागली पाहिजेत. आणि हक्कसोड नोंदवायची वेळ आली तर सहीपूर्वी तिला एकटीला, घरचे बाहेर बसवून, त्या वाट्याची आजची किंमत आकड्यात सांगितली पाहिजे. तरी तिला सोडायचा असेल तर खुशाल सोडू दे. पण पैठणीच्या बदल्यात किती गेलं हे तिला ठाऊक असू दे. दुसरं, ज्यांच्या वाट्याला भूखंडच आला नाही, कुळं, मजूर, खाडीवर जगणारे कोळी, त्यांच्या मुलींसाठी सार्वजनिक पैशातून उड्डाणाच्या तासांचा निधी हवा. वर्षाला पाच मुली घ्या. मुलीमागे साठ लाख धरले तर तीन कोटी. विमानतळाच्या पहिल्या टप्प्याचा खर्च १९,६५० कोटी सांगितला जातो. शंभर रुपयांमागे दीड पैसा झाला. असं काही करताच येत नाही असंही नाही. ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. जागा मोजक्या, पण वाट आहे.

यावर जे बोललं जातं ते मला पाठ आहे. कॉकपिटमध्ये आरक्षण आणणार का, प्रवाशांच्या जिवाशी खेळणार का? यात प्रेम माथुरांना नाकारणाऱ्या आठ कंपन्यांचाच आवाज ऐकू येतो. पेपर तेच, तपासणीचं उड्डाण तेच, परीक्षक तोच. निधी फक्त मीटरचे पैसे भरतो. उलट आज गुणवत्ता असून पैशांअभावी घरी बसलेली मुलगी आणि पैसे असल्यानं तिसऱ्या प्रयत्नात पेपर काढणारा मुलगा, यांत प्रवाशांच्या जिवाचा विचार कुणी केला?

दुसरा आक्षेप जड आहे. परवाना खिशात ठेवून दोन-दोन वर्षं नोकरीची वाट बघणारी पोरं मी पाहिली आहेत. आणि एका मुलीवर साठ लाख घालण्यापेक्षा तेवढ्यात कितीतरी मुली नर्सिंग शिकतील, हे गणितही बरोबर आहे. मी ते खोडू शकत नाही. म्हणूनच पाच म्हणते, पन्नास नाही. आणि म्हणूनच कॉकपिटच्या पलीकडंही बघा म्हणते. विमानतळावर आमच्या गावच्या मुलींना नोकऱ्या मिळाल्या, पण कुठल्या, तर सफाईच्या, ट्रॉलीच्या, हाउसकीपिंगच्या. काम हलकं नसतं, पण शिडी तिथंच संपते. विमानाला उतरायची परवानगी देणारा एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायला फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा लागते. निवड झाल्यावर प्रशिक्षणही पगारासह. देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम वैमानिकाच्या तुलनेत कितीतरी स्वस्त. १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी गेलेली एमी जॉन्सन आठवा. वाटेत तिला झाशीला अचानक उतरावं लागलं होतं. तिच्याकडं वैमानिकाच्या जोडीला ग्राउंड इंजिनिअरचाही परवाना होता, वाटेत बिघाड झाला तर हात काळे करायची तयारी होती. (तिच्या विमानाचे पैसे? वडील आणि एक तेलकंपनीवाला लॉर्ड. हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की सगळीकडं विचारला जातो.)

पण हे सगळे रस्ते अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच बंद होतात. मुलगी आहे, कॉमर्स घ्या, लग्न होईपर्यंत बँकेत चिकटेल. हे वाक्य मी प्रवेशाच्या टेबलामागं बसून इतक्यांदा ऐकलं आहे, आणि काही वेळा मान डोलावली आहे. बारावी कॉमर्स झालेल्या मुलीला मुक्त विद्यालयातून नुसतं फिजिक्स-मॅथ्स देऊन वैमानिकासाठीची त्या दोन विषयांची अट पुरी करता येते, हे मला स्वतःला निवृत्तीनंतर कळलं. बत्तीस वर्षांत किती जणींना सांगता आलं असतं, याचा हिशेब करत बसले तर झोप येत नाही.

माझी विद्यार्थिनी वैमानिक होईल की नाही मला माहीत नाही. तिला चष्मा आहे. चष्मा लावून नजर पुरी होत असेल तर चालतं, हे कळल्यावर तिनं पहिल्यांदा वैद्यकीय तपासणी कुठं होते ते शोधलं. नंतर, मी सांगितल्यावरून, घरातला वारस दाखला मागितला. वडिलांनी विचारलं कशाला, तर कॉलेजच्या प्रोजेक्टला म्हणाली. झेरॉक्स घेऊन परवा माझ्याकडं आली. आजोबांच्या पश्चात पाच नावं आहेत: आजी, वडील, काका आणि दोन आत्या. तिनं विचारलं, यात माझं कुठं येतं? मी पेन घेऊन वडिलांच्या नावाखालून एक रेघ काढली आणि तिला कायदा समजावायला लागले. ती ऐकत होती, पण बघत दुसरीकडंच होती. दोन्ही आत्यांच्या नावांपुढं कुणीतरी आधीच पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या.